शिळं ऊन

गावाचं नाव काय.
आपल्याकडे हा प्रश्न असतो,
माली देशात ते उत्तर आहे.
सेनेगल नदीच्या काठी, खडकांच्या कढईत बसलेलं गाव,
जिथे एप्रिलमध्ये कुलूप उघडायलाही
फडक्याची घडी लागते.

तिथे फुने वेण्या घालते.
पंखा तिला सेगा मेकॅनिकने दिला,
भंगारात निघालेल्या पूजो गाडीचा, तोही हीटरचा.
लिऑनमधल्या कुणाच्या गारठलेल्या पायांवर
ऊब फुंकण्यात त्याची अर्धी हयात गेली.
इथे आल्यावर ते बटण कुणी एकदाही दाबलं नाही.
"नवाच आहे म्हण ना," सेगा म्हणाला,
पत्र्यावर पॅनेल बांधलं, दोन वायरी खाली सोडल्या,
पिळल्या, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली.
बॅटरी नाही.
वर सूर्य, खाली पंखा,
मधे दोन वायरींची तोंडओळख.

सकाळी आठला तो नुसता कण्हतो.
फुने करंगळीने पातं ढकलते,
पोराला शाळेसाठी हलवावं तसं.
दोन गिरक्या, जरा आळस, मग लागतो कामाला.
दहाला कानामागचा घाम वाळतो.
एकला तर असा सुटतो
की तेनिनच्या डोक्यात गुंफायचे खोटे केस
उडून शेजारच्या चवळीच्या भज्यांच्या कढईत पडतात
आणि भजीवाली सोनिन्के भाषेत
तीन पिढ्यांना पुरतील एवढ्या शिव्या देते.
ढग आला की पंखा अडखळतो,
बोलता बोलता कुणाचं नाव आठवेनासं व्हावं तसा.
तेवढा वेळ बायकाही गप्प.

माकान पॅरिसजवळच्या माँत्रेईमधून फोन करतो,
रात्री, हॉटेलातली भांडी घासून झाल्यावर.
"पैसे पाठवलेत. बॅटरी घे. रात्री झोप लागेल तुला."
ती दुकानात गेली. उचलून पाहिली. जड होती.
दुकानदार म्हणाला, दिवसाचं ऊन हिच्यात राहतं,
रात्री काढून वापरायचं.
दोन वर्षं चालते, मग फुगते.
दोन वर्षं, जाताना माकानही असंच म्हणाला होता.
यंदा सातवं.
"शिळं ऊन नको मला," फुने म्हणाली.

म्हणाली खरी,
पण अंगणात चटई टाकेपर्यंत पस्तावली.
भिंती रात्रभर
दिवसा गिळलेलं परत करत होत्या,
न मागता, व्याजासकट.

त्या पैशांतून तिने भजीवालीची उधारी फेडली
आणि एक लोखंडी शिडी घेतली.
आता रोज उजाडता ती वर चढते,
वाळवंटाने रात्रीतून पाठवलेली धूळ
ओल्या फडक्याने पॅनेलवरून पुसते.
वरून नदी दिसते. पूल दिसतो.
डाकारकडे जाणारे ट्रक मोजायचे नाहीत
असं ठरवून ती मोजते.

पावणेचारला कडुनिंबाची सावली पॅनेलवर चढते.
फांदी तोडतो, सेगा म्हणाला.
फुनेने त्याला चहा दिला, कुऱ्हाड दिली नाही.
पंखा थांबला की ती बाक उचलते
आणि ज्या सावलीने तो थांबवला
तिच्याच बुडाशी जाऊन बसते.
मागोमाग गिऱ्हाईक,
मान ताठ,
अर्धी वेणी फुनेच्या मुठीत.

रात्री फोन.
"पंखा लावलायस ना? आवाज येत नाही."
"चांगला आहे. आवाज करत नाही."
त्याच्या बाजूने मात्र काहीतरी घरघरतं.
हीटर, तो म्हणतो. इथे एप्रिलमध्येही लागतो.
मग दोघंही बोलत नाहीत, मिनिटं जळत राहतात.
ती फोन कानापासून जरा लांब धरते,
गालाला वारा लागेल
एवढ्या अंतरावर.